रुसलेली छत्री

यंदा रमजान पुन्हा थंडीत आला आहे. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा थोडं तोकडं, त्यामुळे आमचा हा महिना दरवर्षी थोडा थोडा मागे सरकत सगळे ऋतू हिंडून येतो. मी तरुण होतो तेव्हा तो ऐन डिसेंबरात यायचा. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात गेला, मग पावसात भिजला, मग मे महिन्याच्या उन्हात आमच्या जिभा टाळूला चिकटवून गेला. आणि आता, माझे गुडघे दुखायला लागल्यावर, आंब्याच्या मोहोरापाशी परत येऊन पोचला आहे. रोजा सोडायच्या आधी मी गच्चीवर जाऊन बसतो. खाली मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर लागलेले असतात, बर्फ फोडल्याचा आवाज वर येतो, सुकत घातलेल्या मासळीचा आणि मोहोराचा वास एकमेकांत मिसळतो. भूक पोटातून डोक्यात चढलेली असते. अशा वेळी मला अम्माची छत्री आठवते.

छत्री म्हणजे डिश अँटेना. आमच्याकडे सगळे तिला छत्रीच म्हणत. आमची छत्री जाळीची होती, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढी. तिचा सांगाडा अजून गच्चीवर आहे. शेजारच्या बायका त्यात कोळंबीचे सोडे वाळत घालतात आणि वर जुनं जाळं टाकून कावळ्यांपासून राखतात.

अठ्ठ्याण्णव साली मी मस्कतहून पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा अम्माने माझ्याकडे मागितलं ते एवढंच, "तुझा गाव दाखव मला." मी जिथं राहतो तो माझा गाव, असा तिचा साधा हिशेब. अब्बा मी कॉलेजात असतानाच गेले होते, आपा, माझी मोठी बहीण, लग्न होऊन संगमेश्वरला गेली होती. घरात अम्मा एकटी. मी पाठवलेल्या फोटोंत मी होतो आणि कुणाच्या तरी मोटारी होत्या, गाव कुठेच नव्हता. केबलवर हिंदी मालिका यायच्या, मस्कत येत नव्हतं. मग छत्र्या बसवणारा विलास म्हणाला, त्यांचा उपग्रह पार पश्चिमेला, समुद्रावर खाली वाकलेला आहे. मोठी छत्री लागेल, आणि तरी चित्र येईल ते मुंग्यांसकट येईल.

ती बसवली तो दिवस मला अजून ऐकू येतो. विलास वर गच्चीत पाना घेऊन, मी जिन्यात, अम्मा खाली टीव्हीसमोर.

"चाची, आला काय?"

"पाऊस आला!"

"पाऊस नाय तो, मुंग्या त्या. आता बघा."

"आता मुंग्यांच्या पाठी कोणतरी माणूस हाय."

"अरब हाय की आपला?"

"डोक्याला बांधलंय त्यानं. अरबच. थांब, थांब, हलवू नको... गेला मेला!"

दुपार टळेपर्यंत तो माणूस येत आणि जात राहिला. शेवटी स्थिरावला. विलास घाम पुसत खाली आला आणि म्हणाला, "चाची, साऱ्या रत्नागिरीच्या छत्र्यांची तोंडं एकीकडं, नि तुमची एकटीच पाठ फिरवून. रुसलेल्या सुनेसारखी." अम्मा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "रुसू दे. मला तिच्याकडनं काय भाकऱ्या भाजून घ्यायच्या नाय."

अम्माला अरबी कळत नव्हतं, पण वाचता येत होतं. कुराण शिकलेल्या आमच्या सगळ्याच बायकांसारखं. अक्षरं ओळखीची, अर्थ अल्लाला ठाऊक. त्यामुळे पडद्यावर अक्षरं आली की ती डोक्यावर ओढणी घ्यायची आणि अक्षरं मोठ्याने वाचायची, त्याच सुरात, तेवढ्याच अदबीने. गाडीच्या टायरची जाहिरात, केस धुवायच्या साबणाची जाहिरात, भाजीचे भाव. शेजारची कुलसूम चाची रोज दुपारी यायची, तीही बाजूला पाय दुमडून बसायची. एकदा सुट्टीत मी घरात शिरलो तेव्हा अम्मा तन्मयतेने काहीतरी म्हणत होती आणि चाचीने शेवटी "आमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवला. मी पडद्यावर पाहिलं. वातानुकूलन यंत्रांचा सेल लागला होता. मी हसलो नाही. हसलो असतो तर बरं झालं असतं असं आता वाटतं. हसणाऱ्या मुलाला आई काहीही विचारू शकते.

तिला कळत नव्हतं त्या भाषेतून तिने काय काय कळून घेतलं! नकाशावरच्या ढगावरून पाऊस, माणसांच्या तोंडावरच्या फडक्यावरून धूळ. मी आठवड्यातून एकदा फोन करायचो. "तिकडं वादळ हाय ना? तोंडावर रुमाल बांधून जा." मी म्हणायचो, हो. आणि मला पत्ताही नसायचा, कारण मस्कतमध्ये वादळ असेल तेव्हा माझ्याकडे निव्वळ ऊन असायचं.

कारण मी मस्कतमध्ये नव्हतो.

हे वाक्य मी कागदावर पहिल्यांदाच लिहितो आहे. कंपनीचं ऑफिस मस्कतमध्ये होतं, पण मला पहिल्याच महिन्यात आत, डोंगरांमध्ये, खडी फोडायच्या कारखान्यावर पाठवलं गेलं. पिकअपमध्ये बसलं की शहर मागे पडून कितीतरी वेळ नुसते काळे डोंगर. तिथे मी गेटवर बसून ट्रकांची नोंद ठेवायचो. पत्र्याच्या खोल्या, पांढरी धूळ, पापण्यांवरसुद्धा. अम्मा सगळ्यांना सांगायची की इक्बाल ऑफिसात आहे, बी.कॉम. झालाय तो. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं, पण खोडलंही नव्हतं. टीव्हीवर दिसणारा समुद्राकाठचा तो सुरेख रस्ता, दोन्ही बाजूंची फुलं, संध्याकाळी फिरायला आलेली कुटुंबं, हा सगळा तिच्या लेखी माझा गाव होता. तिने तो माझ्यापेक्षा जास्त पाहिला.

दर शुक्रवारी ती वाहिनी शहरातल्या मोठ्या मशिदीतली जुम्म्याची नमाज दाखवायची. इकडची माणसं नमाज आटपून जेवायला बसली की तिकडची सुरू व्हायची. एकदा फोनवर अम्माने विचारलं, "जुम्मा त्याच मशिदीत पढतोस ना रे?"

फोनच्या खोक्याबाहेर रांग होती. माझ्या मागचा माणूस कार्ड हातात घेऊन चुळबुळत होता.

"हो, तिथंच."

"कुठं बसतोस?"

"खांबाजवळ," मी म्हणालो. खांब कुठल्या मशिदीत नसतात?

एवढंच. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही; फोन लवकर संपावा म्हणून बोललो. शुक्रवारी आमच्या साइटवर एका पत्र्याच्या खोलीत नमाज व्हायची आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा मी तीही चुकवून झोपलेला असायचो. आठवड्याची झोप आणि आठवड्याचे कपडे, दोन्ही त्याच दिवशी.

परवा माझ्या मुलाशी बोलत होतो. तो पुण्यात नोकरीला आहे. हल्ली चेहरा समोर दिसतो, हनुवटीवर वस्तऱ्याने कापलेलंही दिसतं. "रोजे ठेवतोयस ना?" "हो बाबा." "पहाटे सहरीला उठतोस?" "हो." मी त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याच्या मागच्या भिंतीवरच्या पालीची बोटं मोजून घ्यावीत. आणि तो खरं बोलतोय की नाही, यातलं मला काहीही दिसलं नाही. मी पुढं विचारलंही नाही. मागे कोणी रांगेत उभं नसतानाही माणसं फोन लवकर संपवतात.

छत्री बसवल्याच्या पुढच्या वर्षी, डिसेंबरातल्या त्या रमजानमध्ये मी सुट्टीवर आलो, तेव्हा सामानात कांबळ्यात गुंडाळून एक नवा रिसीव्हर आणला होता. तिकडे सगळीकडे बोलणं चाललं होतं की जुनं प्रक्षेपण बंद होणार, सगळं डिजिटल होणार. आमच्या टीव्हीवरही खाली पट्टी फिरत होती आणि अम्मा ती रोज ओढणी सावरून सुरात वाचत होती. आपल्याच चित्राच्या मरणाची बातमी ती वाचते आहे, हे तिला माहीत नव्हतं. मला होतं, आणि मी खूश होतो. आईला काहीतरी देता येईल, असं वाटण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय होतं?

जुन्या चित्राचा तो शेवटचा शुक्रवार. अम्माने सांदणांसाठी तांदूळ भिजत घातले होते, सगळ्या घरात नारळाच्या दुधाचा वास होता आणि उपाशीपोटी तो वास छळत होता. नमाज पढून मी घरी आलो, तर टीव्हीसमोर दोघी बसलेल्या. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, त्यांच्या आत पांढऱ्या आकृत्यांच्या रांगा. माणसं आहेत एवढं कळावं, कोण आहेत ते कळू नये.

चाचीने मला पाहिलं आणि हात केला. "ये रे, ये. बघ, आज तुझी जागा रिकामी हाय."

"कसली जागा?"

"असं काय रे करतोस? तो खांब. त्याच्या उजव्या अंगाला. दर जुम्म्याला तिथंच बसतोस तू. मी तुझ्या आईला सांगते ह्यो तो, ती म्हणते नाय, त्याच्या मागचा. भांडण होतं आमचं."

"तुला काय कळतंय," अम्मा तिला म्हणाली. "मी त्याला पाठीवरनं ओळखते. सजद्याला खाली वाकताना आधी डावा हात टेकतो, लहान असल्यापासून."

"आणि मागच्या महिन्यात जाडा दिसला होतास," चाची मला म्हणाली. "मी बोलले, अगो, तिकडं लग्न तर नाय केलान?"

दोघी हसल्या. मी पडद्याकडे पाहिलं. खांबाजवळ खरंच एक मोकळी जागा होती. असेल कुणाची तरी. कुणी उशिरा येणार असेल. पण ती माझ्यासाठी ठेवल्यासारखी दिसत होती. इतके महिने, इतके शुक्रवार ही बाई मला बघत होती. मी पत्र्याखाली घोरत पडलेला असताना ती मला सजद्यात जाताना बघत होती आणि समाधानाने उठून भात वाढून घेत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. चाची गेल्यावर, तांदूळ वाटताना, केव्हाही. अम्माने वळून विचारलंसुद्धा, "हाच ना खांब?"

मी म्हणालो, "हो. हाच."

विलास दुसऱ्या दिवशी आला. छत्री तीच ठेवून त्याने तिच्या तोंडाशी नवीन डबी बसवली, खाली नवा रिसीव्हर जोडला. या वेळी "आला का, गेला का" काही नव्हतं. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, त्या भरल्या की झालं. अम्मा म्हणाली, "मुंग्या कुठं गेल्या?"

"मेल्या, चाची. आता मुंग्या नाय. दिसेल तर लख्ख दिसेल, नायतर निळा पडदा. मधलं काय नाय."

मधलं काही नाही. मला तेव्हा हे फार मोठं सुख वाटलं होतं. पण आमची सारी माणसं त्या मधल्यातच राहत होती. अर्धी घरात, अर्धी समुद्रापार. थोडं कळवायचं, थोडं समजून घ्यायचं. जुनं चित्र जायचं तेव्हाही सांगून जायचं. आधी कडा विरायच्या, मग आवाज खरखरायचा, आपल्याला उठून वायर हलवायला वेळ मिळायचा. नवं चित्र एका क्षणाला पूर्ण असायचं आणि पुढच्या क्षणाला नसायचं.

पुढच्या शुक्रवारी मी घरीच होतो. मशीद उघडली ती काचेसारखी. गालिच्याची नक्षी, खांबावरच्या दगडातल्या रेषा, आणि चेहरे. प्रत्येकाचा वेगळा. दोघी आपसूक पुढे सरकून बसल्या. खांबाजवळ पांढऱ्या दाढीचे, तलम झगे घातलेले वृद्ध ओळीने बसले होते, मानाची जागा असावी तसे. कॅमेरा पुन्हा पुन्हा तिथेच येत होता. त्या ओळीत खडीच्या कारखान्यातल्या कारकुनाला कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं.

चाचीने एकेक चेहरा निरखला. मग म्हणाली, "अगो, इथं तर सारे बडे लोक दिसतात."

अम्मा लगेच म्हणाली, "आज इक्बाल इथं हाय ना. त्याच्या जागेवर दुसरे बसले."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. दोघंही त्या स्वच्छ चित्राकडे बघत राहिलो.

ईद करून मी परत गेलो. पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी फोन केला. मनात धरून बसलो होतो की ती विचारील. ती म्हणाली, "दिसलास. जरा सुकलायस." त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच, "दिसलास." मी फोन ठेवून तिथल्या पायरीवर बसून राहिलो. मला वाटलं, सुटलो. तिला नीट दिसत नसेल, वय झालंय. असं वाटून घेण्यासारखं पाप नाही. आईचे डोळे अधू असावेत, अशी मी आशा केली.

मग एकदा आपाशी बोलताना तिने सहज सांगितलं, "अम्माने जुम्म्याचा टीव्ही बंद केलाय रे. त्या वेळेला कपडा टाकून ठेवते त्याच्यावर. मी विचारलं, तर म्हणते, चित्र फार लख्ख हाय, डोळ्यांना बोचतं. नि चाची आली तर तिला दारातनंच परत पाठवते. त्यांचं काय भांडण झालंय काय?"

भांडण झालं नव्हतं. चाचीला दिसू नये म्हणून तिने कपडा टाकला होता.

त्यानंतर एकदा मी गेलो त्या मशिदीत. साइटवरच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून, पहाटे खडीच्या ट्रकमधून. इस्त्रीचा कुर्ता पिशवीत घेतला होता, धूळ लागू नये म्हणून शहरात पोचल्यावर घातला. त्या खांबापर्यंत पोचता आलं नाही. बऱ्याच मागे, दाराजवळ जागा मिळाली. वर कॅमेरे कुठे आहेत ते शोधत मी मान वर करून बसलो होतो, इमामाचा खुत्बा, नमाजेआधीचं प्रवचन, सुरू असताना. शेजारच्या म्हाताऱ्याने गुडघ्यावर टिचकी मारून मला खाली बघायला लावलं. सजद्यात जाताना मी डावा हात आधी टेकला, मुद्दाम. आणि तेवढ्यात मला उमजलं की हे तिला सांगता येणार नाही. "या शुक्रवारी बघ, मी आहे," असं म्हणायचं, तर बाकीचे सगळे शुक्रवार माझ्याच तोंडून खोटे ठरतात. त्या दिवशी तिने कपडा बाजूला केला होता की नाही, मला कधी कळलं नाही. फोनवर ती सांदणं चांगली फुगली नाहीत, एवढंच बोलली.

मी कायमचा परत आलो तेव्हा अम्मा बिछान्याला खिळली होती. छत्री तोवर निकामी झाली होती आणि मी ती दुरुस्त केली नाही. एका दुपारी वीज गेली होती. मी उशाशी बसून पुठ्ठ्याने तिला वारा घालत होतो. चाची नव्हती, आपा नव्हती. बाहेर बंदराचा नेहमीचा गलका होता. मी सुरुवात केली, "अम्मा, मी तिकडं मस्कतात नव्हतो..."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. मी पुढचे शब्द जुळवत होतो, तर तिने हात हलवून मला थांबवलं. "कुठं होतास ते नको सांगू. आता ऐकून काय करू मी? तिथं पंखा होता काय, तेवढं सांग."

पंखा होता. पत्र्याला टांगलेला, धुळीने पांढरा झालेला. दुपारी जनरेटर बंद असायचा तेव्हा आम्ही त्याच्याखाली ओले पंचे तोंडावर टाकून पडायचो आणि तो वर नुसता लटकत राहायचा.

"होता," मी म्हणालो.

"चांगला फिरायचा?"

"हो. चांगला."

"मग बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडली. मी वारा घालत राहिलो. इतक्या वर्षांत तिने मला विचारलेला तो एकच प्रश्न खराखुरा होता, आणि त्याचंही खरं उत्तर मी तिला दिलं नाही.